घाणतळी

"पिशवीत काय आणलंय, मॅडम? लोणचं?"

काकींनी पिशवीला हात घातलासुद्धा होता. मी ती इतक्या जोरात ओढली की आतली बरणी माझ्या गुडघ्यावर आपटली.

"नाही काकी, लोणचं नाही. ऑफिसचं आहे."

"रविवारीबी ऑफिस? असू दे, असू दे. दाराआड ठेवा. कोण हात लावत न्हाई."

मी ती दाराआड ठेवली नाही. मांडीवर घेऊन बसले. कापडाच्या पिशवीत प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात वर्तमानपत्राची गुंडाळी आणि गुंडाळीत ती बरणी. एवढं सगळं मधे असूनही तिचा गारवा मांडीला लागत होता आणि माझ्या अंगावर शहारे येत होते. बरणी खरोखरच लोणच्याची होती, आमच्या आईची. आता तिच्यात फॉर्मॅलिन होतं, आणि फॉर्मॅलिनमध्ये वीतभर लांबीचा, पांढुरका, दोन्ही टोकांना निमुळता असा एक जंत होता.

हे घर रंगरावअण्णांचं, आमच्या नगराध्यक्षांचं. काकी त्यांच्या पत्नी. मी नगरपालिकेच्या सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरची घाणतळी बुजवायला डोझर येणार होते. ते थांबवायला माझ्याजवळ ही एक दुपार होती आणि ही बरणी.

तळी बुजवू नका म्हणणारी मी, हे ऐकून माझ्या ओळखीचे लोक आजही हसतात. कारण त्या तळ्यांचा जेवढा तिटकारा मला होता तेवढा गावात कुणाला नसेल. गावाच्या सगळ्या संडासांचं, मोऱ्यांचं, खाटीकगल्लीचं पाणी तिथं यायचं आणि एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं पडून राहायचं. वर हिरवी साय. सायीतून मधूनच एखादा बुडबुडा यायचा, सावकाश फुगायचा आणि फुटायचा, आणि फुटला की सुटायचा तो वास केसांत जाऊन बसायचा. कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी मी तिसऱ्या तळ्याच्या बांधावर पोटातलं सगळं बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवसापासून कामगार मला 'ओकारी मॅडम' म्हणायला लागले. माझ्या मागे म्हणत, पण ऐकू येईल इतक्या मोठ्यानं.

मुळात माझा स्वभावच तसा. घरी गेल्यावर अंगणातच चपला धुवायच्या, आंघोळ झाल्याशिवाय आईच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, रुमाल उकळून घ्यायचे. ऑफिसात माझा कप ड्रॉवरमध्ये कुलपात. भेळ नाही, पाणीपुरी नाही, उसाचा रस नाही. लग्नाच्या पंगतीत मी आधी पत्रावळ पुसून घ्यायची. आई म्हणायची, "अगं, अशानं तुला नवरा मिळायचा नाही. त्यालापण उकळून घेशील."

काकींना मात्र माझं हेच आवडलं होतं. त्या देवाधर्माच्या, सोवळ्याओवळ्याच्या. "पोरगी हात धुतल्याबिगर दाराची कडी लावत न्हाई," असं त्या चारचौघींत सांगायच्या, आणि आपल्या भाच्यासाठी त्यांनी मला मनात धरलं होतं. भाचा बँकेत होता, पुण्याला. एकदा येऊन मला बघूनही गेला होता. हसरा होता, आणि त्याची नखं स्वच्छ होती. माझी तिशी जवळ आली होती आणि मला तो आवडला होता, हे कबूल करायला आता कशाला लाजू? त्या रविवारी अण्णांनी मला जेवायला बोलावलं त्यातलं निम्मं कारण ते होतं. उरलेलं निम्मं म्हणजे नवा प्लँट.

नवा प्लँट उन्हाळ्याच्या शेवटी चालू झाला. सगळं यंत्रावर. मोठ्या टाकीत खालून हवा फुसफुसायची, पाणी नुसतं घुसळून निघायचं, मग दुसऱ्या टाकीत थोडा वेळ निवळायचं, क्लोरिन पडायचं आणि आज आलेलं पाणी उद्या पलीकडच्या तोंडातून बाहेर. तेही नितळ. आमचे इंजिनिअर दातार साहेब काचेच्या ग्लासात ते पाणी धरून उन्हात दाखवायचे. वास नाही, रंग नाही. मी पहिल्यांदा रुमाल खाली घेऊन श्वास घेतला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तळ्यांकडे पाणी नेणारी झडप त्याच दिवशी बंद केली, आणि पाणी थेट पाटाला सोडलं. पाटावर खालच्या अंगाला भाजीचे मळे होते.

पहिला मळा अक्काताईचा. ती पूर्वी तळ्यांचं हिरवं पाणी पिकाला द्यायची, पण त्यात हात घालायची नाही. काढलेली भाजी विहिरीवर नेऊन धुवायची, मग बाजारात. नवं पाणी आल्यावर तिनं विहीर सोडली. प्लँटच्या तोंडाशीच दगडावर बसून मेथीच्या जुड्या त्यात खळबळून काढायची. मातीचा कण राहायचा नाही. पानं अशी तरतरीत दिसायची की मी, जी आजवर तिच्या मळ्याकडे नाक मुरडून बघायची, ती रोज संध्याकाळी तिच्याकडून एक जुडी घेऊन जायला लागले. आमच्याकडे मेथी शिजवतात कमी. घोळाणा करतात: कच्ची पानं, चिरलेला कांदा, मीठ, वरून शेंगदाण्याचं तेल. भाकरीबरोबर तो असला की मला दुसरं काही लागायचं नाही.

पावसाळ्यानंतर मला पुण्याला एका प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं जंताची अंडी मोजायला शिकवली. माणसाच्या पोटात जंत असेल तर त्याची अंडी रोज शौचातून बाहेर पडतात, ती सांडपाण्यात येतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. क्लोरिनला दाद देत नाहीत, कवच जाड असतं. भाजीच्या पानाला चिकटली आणि पुन्हा कुणाच्या पोटात गेली की तिथं नवा जंत. त्यांची खोड एकच, ती जड असतात. पाणी पुष्कळ दिवस निवांत पडून राहिलं तर ती बुडतात आणि गाळात कायमची गाडली जातात. शिकवणारे म्हणाले, भाजीसाठी सोडलेल्या पाण्यात लिटरमागे एक अंडंसुद्धा पुष्कळ झालं.

परत आल्यावर मी हौसेनं नव्या प्लँटच्या पाण्याचा नमुना लावला. तो किती चांगला आहे ते आकड्यांत दाखवावं, एवढाच हेतू. सूक्ष्मदर्शकाखाली पहिलंच अंडं दिसलं. मग दुसरं. मग तिसरं. मी मोजायचं थांबवलं. फडताळात जुन्या तळ्यांच्या पाण्याच्या, झडप बंद व्हायच्या आधीच्या, सीलबंद बाटल्या होत्या. त्या उघडल्या. तिसऱ्या तळ्याच्या पाण्यात एकही अंडं नव्हतं. तळ्यांना आयुष्यात एकच काम येत होतं, नुसतं पडून राहायचं, आणि तेच आम्ही बंद केलं होतं.

त्या संध्याकाळी मी बांधावर ओकले. बुडबुड्याला नाही, माझ्या डब्यातल्या घोळाण्याच्या आठवणीला.

अक्काताईला सांगून पाहिलं. ती जुडी हलवत म्हणाली, "मॅडम, आरशावानी पानी हाय. ह्यात तोंड दिसतंय माझं. तुमच्या त्या शेवाळाच्या गटारीत काय दिसत हुतं?"

"अक्काताई, निदान विहिरीवर धुवा."

"हिरीत गाळ भरलाय, पानी कुटं ऱ्हायलंय? आन् म्या विकती ती भाजी म्याबी खाती की."

तेच तर होतं. पाणी बंद करा म्हणावं तर तिचा मळा वाळणार. उपाय सोपा होता: प्लँटचं पाणी पाटात जायच्या आधी तळ्यांत सोडायचं, तिथं त्याला पडू द्यायचं. झडप उघडली की झालं. पण तळीच आता भरून टाकणार होते. तळ्यांजवळ नवी कॉलनी झाली होती, तिला वास नको होता, डास नको होते, आणि नगरपालिकेला तिथं बाग हवी होती.

दातार साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बाबर मॅडम, पाणी सगळ्या चाचण्यांत पास आहे ना?"

"आहे. पण त्या चाचण्यांत अंडी मोजतच नाहीत."

"मोजत नाहीत म्हणजे नसतील गरजेची. तुम्हाला वास नको होता, वास गेला. आता आणखी काय हवं?"

मग अण्णांना प्रयोगशाळेत बोलावून आणलं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. खोटं कशाला बोला, अंडं दिसायला सुंदरच असतं, सोनेरी, कडेला नाजूक नक्षी असलेलं. अण्णा म्हणाले, "बुंदीची कळी दिसतीया की ओ. एवढ्याशाला भ्यायचं?"

त्यांना किळस आली नाही. मला तेव्हाच कळलं की आकड्यांनी आणि अंड्यांनी काही व्हायचं नाही.

आणि मग त्या गुरुवारी सकाळी मला तो जंत मिळाला. मी तो चिमट्यानं उचलला तेव्हा तो हलत होता. चिमटा निसटला, पुन्हा उचलावा लागला. लोणचं दुसऱ्या भांड्यात काढून आईची बरणी घेतली. नंतर मी राखेनं, साबणानं, डेटॉलनं हात धुतले, आंघोळ केली, पुन्हा केली, आणि दोन दिवस पाण्याशिवाय तोंडात काही घातलं नाही. आई विचारत राहिली.

"चला, चला, पानं वाढलीत," अण्णांनी आतून हाक मारली. मी पिशवी घेऊन उठले.

टेबलाशी अण्णा, दातार साहेब आणि मी. काकी वाढत होत्या. पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, मुळ्याच्या चकत्या, आणि मधोमध मोठ्या परातीत घोळाणा. तेलानं पानं चकचकत होती.

"सगळं आपल्या प्लँटच्या पाण्यावरचं," अण्णा म्हणाले. "अक्काताईनं सकाळी ताजी ताजी धुऊन पाठवलीया. उद्या तळी बुजवताना पेपरवाल्यांनाबी ह्येच खायला घालायचं. काय दातार?"

"उत्तम कल्पना आहे, अण्णा." दातार साहेबांनी मोठा घास घेतला. त्यांच्या दाताखाली बारीक कच्च झालं.

अण्णांनी भाकरीच्या तुकड्यात घोळाणा भरला.

"अण्णा, खाऊ नका," मी म्हणाले.

"का ओ? ईख घातलंय का काय आमच्या हिनं?"

"त्या पाण्यात धुतलीय ती. मी तुम्हाला दाखवलं होतं."

"परत तुमची बुंदी!" अण्णा हसले. "अवो, आमच्या मागच्या पिढ्या वढ्याचं पाणी पिऊन जगल्या."

तेव्हा मी पिशवी उघडली. वर्तमानपत्र सुटेना. बरणी पिठल्याच्या पातेल्याशेजारी ठेवली. आतला जंत सावकाश फिरून काचेला लागला.

दातार साहेब खुर्चीवरून अर्धे उठले. "मॅडम! जेवताना!" त्यांनी तोंडातला घास हातात काढला आणि तो कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

"त्या बुंदीच्या एका कळीतून हे होतं," मी म्हणाले. "पोटात गेल्यावर. असा एक नसतो. मादी असेल तर रोज लाखभर अंडी घालते. ती परत प्लँटला येतात, प्लँटातून पाटाला, पाटातून या परातीत."

काकी भाकरीचा तवा हातात घेऊन दारात थांबल्या होत्या. अण्णांनी मात्र बरणी जवळ ओढून नीट पाहिली. चेहऱ्यावर रेघ हलली नाही.

"कुणाचा हाय?" त्यांनी विचारलं.

"आपल्या गावातल्याच माणसाचा."

"त्ये झालं. पर कुणाचा?" आणि मी उत्तर द्यायच्या आत तेच म्हणाले, "खालच्या वस्तीतल्या पोराचा असंल. दवाखान्यातनं आणला असंल तुम्ही. अवो, ती माणसं उघड्यावर बसत्यात, हात धुवत न्हाईत, मातीत लोळत्यात. त्यांच्या पोटात न्हाई व्हायचं तर काय व्हायचं? त्याला प्लँट काय करंल आन् तळी काय करत्यात?"

"मी तेच म्हणत होतो," दातार साहेब पुन्हा खाली बसले. "हा वैयक्तिक स्वच्छतेचा प्रश्न आहे. पाण्याचा नाही."

टेबलावरची हवा एकदम हलकी झाली. मला ते दिसलं, आणि त्या जंताची आली नव्हती एवढी शिसारी मला त्या दोघांची आली. खालच्या वस्तीचं नाव घेतलं की बरणीतलं ते यांच्या दृष्टीनं दुसऱ्याच कुठल्या तरी गावचं झालं. अण्णांनी बरणी बाजूला सारली आणि तो भरलेला तुकडा पुन्हा उचलला. उद्या डोझर येणार. अक्काताई दगडावर बसून जुड्या खळबळणार. घरोघर पराती भरणार.

"वस्तीतला नाही, अण्णा."

"मग?"

मी काकींकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, मायेनं, या पोरीला कुठल्या घाणीत काम करावं लागतं अशा चेहऱ्यानं. मला त्यांचा भाचा आठवला, त्याची स्वच्छ नखं आठवली.

"माझा आहे," मी म्हणाले.

कुणाला कळलंच नाही. अण्णा म्हणाले, "तुमचा म्हंजे? लॅबचा?"

"माझ्या पोटातला. गुरुवारी सकाळी पडला. आमच्या घरी."

मग मला थांबताच येईना. "मी बाहेरचं खात नाही. पाणी उकळून पिते. उघड्यावर बसत नाही, मातीत लोळत नाही. कच्चं असं मी एकच खात होते, अक्काताईची मेथी, नवं पाणी आल्यापासून. तळ्यांचं पाणी होतं तोवर तिच्याकडून काडीसुद्धा घेत नव्हते. दातार साहेब, हात धुण्याचाच प्रश्न असेल तर या गावात माझ्यापेक्षा जास्त वेळा हात कोण धुतं त्याचं नाव सांगा."

दातार साहेबांनी आपली खुर्ची जराशी मागे सरकवली, माझ्यापासून लांब. आपण काय करतोय ते त्यांनाही कळलं नसावं. अण्णांची नजर माझ्यासमोरच्या त्यांच्या घरच्या पेल्याकडे गेली, ज्याला मी नुकताच हात लावला होता. पेल्यावरून ती माझ्या पोटाकडे गेली आणि पटकन वळली. आयुष्यभर मी लोकांकडे ज्या नजरेनं बघत आले होते तीच ती नजर. मला माझ्याच अंगातून उठून कुठंतरी जावंसं वाटलं.

काकींनी तवा टेबलावर ठेवला. लाकडावर, खाली काही न घालता.

"मलाबी पडला हुता," त्या म्हणाल्या.

"इंदू!" अण्णा ओरडले.

"वरडू नगासा. भादव्यात. गौरी घरात हुत्या." त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या. "जल्मात कदी झालं न्हवतं. म्या म्हटलं, देवाचं करणारी बाई मी, माझ्या पोटात ह्ये कुठनं आलं? कुणाला सांगायचं? गौरीला निवद दाखवायची लाज वाटली. धा येळा डोईवरनं पाणी घेतलं. वाटलं, माझंच कायतरी चुकलंय."

"आत जा तू," अण्णा म्हणाले.

"जाते. सांगून जाते." त्या आता अण्णांकडे वळल्या. "आन् तुमालाबी पडला की. दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दोन दिस जेवला न्हाईसा, सोनं वाटायलाबी भाईर आला न्हाईसा. मला म्हणाला, कुणापाशी बोललीस तर याद राख. मी बोलले न्हाई. आन् आता खालच्या वस्तीचं नाव सांगतायसा? आपल्या दोघांच्या पोटात कोण वस्ती करून ऱ्हायलं हुतं, त्ये सांगा की दातार साहेबास्नी."

दातार साहेबांनी इतका वेळ हातात धरलेला घास ताटात टाकला आणि ते घाईघाईनं मोरीकडे गेले. त्यांचा आवाज आम्हा तिघांनाही ऐकू आला. ओकारी मॅडमला त्या दिवशी मात्र ओकारी आली नाही.

अण्णांनी बोटांतला तुकडा खाली ठेवला. परात समोरून ढकलली, मग उठून परसात गेले. रांजणात तांब्या बुडवल्याचा आवाज आला, पुन्हा आला, पुन्हा आला. परत आले तेव्हा कोपरापर्यंत हात ओले होते.

"दातार."

"अण्णा?" दातार साहेब तोंड पुसत दारात उभे होते.

"डोझरवाल्याला निरोप धाडा. नगं म्हणावं. आन् ती झडप उघडा. प्लँटचं पाणी तळ्यात जाऊ द्या."

"वास सुटेल, अण्णा. कॉलनीवाले बोंब मारतील."

"मारू द्यात. वासानं कुणाच्या पोटात काय पडत न्हाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, गोळ्या असत्यात न्हवं ह्याच्यावर? दवाखान्यात सांगून साऱ्या गावाला द्यायची येवस्ता करा. खालच्या वस्तीपासनं सुरू करा."

"आपल्या घरापासनं," काकी म्हणाल्या.

अण्णा ओले हात झटकत देवघराकडे वळले. त्याचा अर्थ आम्ही हो असाच घेतला.

भाच्याचं स्थळ झालं नाही, ते सांगून टाकते. नकार आला. कारण कळवलं नाही, पण तोवर माझं नवं नाव गावभर झालं होतं, 'जंतवाल्या मॅडम', आणि ते मी निवृत्त होईपर्यंत टिकलं. तळीही टिकली. नितळ पाणी आता आधी त्यांत जातं, हिरवं होतं, घाण मारतं, आणि मग पाटाला लागतं. अक्काताईनं त्या हिरव्या पाण्याला पुन्हा हात लावला नाही. शिव्या देत देत विहिरीचा गाळ काढून घेतला आणि भाजी तिथं धुवायला लागली. मी कधी तळ्यांवरून गेले तर नाकाला रुमाल लावते. मला अजून किळस येते.

त्या दुपारी मात्र मी निघाले तेव्हा ती बरणी टेबलावरून कुणी उचलेना. दातार साहेब तिकडे बघत नव्हते, अण्णा देवघरात जाऊन बसले होते, आणि मलाही तिला पुन्हा हात लावणं नको झालं होतं. शेवटी काकी आल्या. त्यांनी ती उघड्या हातानं उचलली. काचेला पिठलं लागलं होतं, ते पदरानं पुसलं.

"काकी, पदर!"

"धुईन की." त्यांनी बरणी वर्तमानपत्रात गुंडाळली, पिशवीत घातली आणि पिशवी धरून माझ्याबरोबर दारापर्यंत आल्या. मगाशी जिथं त्यांनी लोणचं का म्हणून विचारलं होतं तिथंच थांबल्या.

"भाच्याच्या घरी मला सांगावं लागंल, बाई. लपवून ठेवून सोयरीक जमवत न्हाई मी."

"सांगा," मी म्हणाले. डोळे भरून आले होते, पण पुसायला हात स्वच्छ वाटेनात.

काकींनी त्याच पदरानं माझे डोळे पुसले.

"सांगते की," त्या म्हणाल्या. "म्हणते, पोरगी लई स्वच्छ हाय."